उंची जागेवर, वेग ६६ नॉट: सोलापूरच्या वाटेवरचं एक मिनिट

सेस्ना १७२ या छोट्या विमानात थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायच्या दांड्याच्या खाली, दोन वैमानिकांच्या गुडघ्यांच्या मधोमध एक काळं, खाचांचं चाक उभं बसवलेलं असतं. निम्मं बाहेर, निम्मं आत. हे ट्रिमचं चाक. त्याच्या शेजारची छोटी खूण वर-खाली सरकते आणि विमानाचं नाक कुठल्या बाजूला कलवून ठेवलंय ते सांगते. ऑटोपायलट चालू असला की हे चाक आपलं आपण फिरतं. एप्रिलमधल्या त्या दुपारी, मोहोळ मागे पडल्यावर, ते माझ्या डाव्या गुडघ्याशी फिरायला लागलं. थोडं फिरलं, थांबलं, परत फिरलं. दर वेळी एकाच दिशेला, नाक वर. उंची दाखवणारा काटा साडेपाच हजार फुटांवर खिळलेला होता.

डाव्या आसनावरच्या विद्यार्थिनीला वाटत होतं की आपण उतरायला लागलोय.

या प्रकरणात कुणाला खरचटलं नाही, विमानावर ओरखडा आला नाही. पण अशा गोष्टी कुठल्याच अहवालात येत नाहीत आणि पुढच्या माणसाला त्या पुन्हा पहिल्यापासून शिकाव्या लागतात. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. मी तिचा प्रशिक्षक. यात तिच्या चुका आहेत तशा माझ्याही आहेत.

तिचे दीडशेच्या आसपास तास झाले होते. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तास लागतात, त्यामुळे लांबच्या फेऱ्या चालू होत्या. मूळची सोलापूरची. वडिलांचे अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलचे यंत्रमाग. स्वतःच्या गावी स्वतः विमान चालवत जायची ही तिची पहिलीच वेळ, आणि वडील विमानतळावर येऊन थांबणार होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या मिनिटात तिचे डोळे कुठे होते याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

बारामतीहून सोलापूर साधारण ८५ सागरी मैल, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या थोडं वर. आमच्या विमानाला पाऊण ते एक तासाचा पल्ला. वाट चुकायची सोय नाही: डावीकडे इंदापूर, मग उजनीचं पाणी, टेंभुर्णी, मोहोळ, आणि जवळजवळ सगळ्या वाटेवर पुणे-सोलापूर महामार्ग सोबतीला. पूर्वेकडे जाताना नियमाने विषम हजार अधिक पाचशे फुटांवर उडायचं, म्हणून ५,५०० फूट. निघायचं होतं सकाळी सातला. विमान देखभालीतून उशिरा हातात आलं आणि आम्ही दुपारी दोनच्या पुढे उडालो. माझी पहिली चूक हीच. एप्रिलमध्ये सोलापूरला दुपारी काय तापतं हे मला माहीत होतं.

त्या दिवशी जमिनीवर ४१ अंश होतं. सोलापूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १,५८४ फुटांवर आहे. ४१ अंशाला तिथली हवा प्रमाण वातावरणातल्या पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. आम्ही ५,५०० वर होतो, पण इंजिन आणि पंख यांच्या लेखी ती उंची साडेआठ हजारांच्या घरातली होती. इंजिनाची ताकद आधीच कमी. त्यात नांगरून टाकलेली काळी रानं तापून गरम हवेचे झोत वर सोडत होती आणि त्या झोतांच्या मधल्या पट्ट्यात हवा तितक्याच जोरात खाली बसत होती.

टेंभुर्णीच्या अलीकडे तिने विचारलं, "सर, आल्ट लावू?" मी हो म्हणालो.

आल्ट म्हणजे अल्टिट्यूड होल्ड, उंची धरून ठेवणं. आमच्या विमानातला ऑटोपायलट बेंडिक्स किंगचा केएपी १४० होता. प्रशिक्षणाच्या कितीतरी सेस्नांमध्ये हाच असतो. त्याच्या पोटात हवेचा दाब मोजणारा एक संवेदक आहे. आल्टचं बटण दाबलं त्या क्षणी जो दाब असेल तो तो लक्षात ठेवतो. साधारण ३० फुटांना एक हेक्टोपास्कल, या हिशेबाने विमान जरा खाली गेलं की दाब वाढतो. ऑटोपायलट शेपटाचा एलिव्हेटर थोडा वर ओढतो, नाक उचलतो, विमान परत वर येतं. वर गेलं की उलट. एलिव्हेटरवर सतत जोर द्यावा लागतोय असं दिसलं की तो ट्रिमची मोटर चालवून तो जोर ट्रिमवर टाकतो, आणि म्हणून ते चाक फिरतं.

यात वेग कुठेच नाही. वेगाची नळी या यंत्राला जोडलेलीच नाही. थ्रॉटलही त्याच्या हातात नाही. विमान १०० नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) चाललंय की ७० ने, हे त्याला कळत नाही आणि कळायची सोयही नाही. नव्या पिढीच्या काही डिजिटल ऑटोपायलटमध्ये, उदाहरणार्थ गार्मिनच्या जीएफसी ५०० मध्ये, वेग फार पडला तर नाक खाली घेण्याची व्यवस्था आहे. आमच्यात नव्हती.

आता त्या दुपारच्या हवेत हे यंत्र काय करत होतं ते बघा. वर जाणारा झोत लागला की विमान वर ढकललं जायचं. आल्ट नाक खाली दाबायचा, वेग ११० वर जायचा. पुढे हवा बसली की नाक वर, वेग ८८. मग परत ९८, परत १०८. उंची मात्र ५,५०० च्या आजूबाजूला, वीस फूट इकडे की तिकडे. हवेने विमानाला जे धक्के दिले ते सगळे उंचीतून काढून वेगात टाकले जात होते. अशा हवेत आमच्या वजनाला ९८ नॉटच्या वर जायचं नाही असं विमानाची पुस्तिका सांगते. तेव्हाच मी पॉवर कमी करून आल्ट काढायला लावायला हवा होता. हाताने नाक सरळ धरायचं आणि शंभर-दोनशे फूट वर-खाली होऊ द्यायचं, हेच अशा हवेतलं शहाणपण. मी ते केलं नाही. काटा छान एका जागी दिसत होता, आणि छान दिसणाऱ्या गोष्टीला आपण हात लावत नाही.

त्या वीस-पंचवीस मिनिटांत तिच्या नजरेला एक सवय लागली: वेगाचा काटा खाली गेला, की थोड्या वेळात आपोआप वर येतो. या प्रकरणाचं मूळ मला इथे दिसतं. पुढे वेग पडला तेव्हा तो काटा तिने पाहिला होता. नंतर तिने मला स्वतः सांगितलं, "८४ बघितला होता सर, मला वाटलं हवा आहे."

मोहोळनंतर सीना नदीचा कोरडा पट्टा लागला आणि समोरच्या धुरकट उन्हात शहर दिसायला लागलं. सोलापूर टॉवरशी तिचं बोलणं चालू होतं. विमानतळ शहराच्या पलीकडे, होटगी रस्त्यावर. सर्किटसाठी, म्हणजे उतरण्याआधी विमानतळाभोवती घ्यायच्या फेरीसाठी, २,६०० फुटांच्या आसपास यायचं होतं, म्हणजे जवळपास तीन हजार फूट उतरायचं. मिनिटाला पाचशेच्या दराने सहा मिनिटं, आमच्या वेगाने दहा मैल. हे गणित तिने निघण्याआधी कागदावर केलं होतं, बरोबर केलं होतं. पण प्रत्यक्षात तिने उतरायला घेतलं तेव्हा आठच मैल उरले होते. घाई तिथून सुरू झाली.

तिने पॉवर मिनिटाला २,१०० फेऱ्यांवर आणली. हाताने उडवताना हीच सवय असते: पॉवर कमी केली की नाक आपोआप जरा खाली जातं आणि विमान उतरायला लागतं. शंभर तास तिने हेच केलं होतं. पण आल्ट चालू होता. विमान किंचित बसायला लागलं, त्याने नाक उचललं. वेग ९० झाला. ट्रिमचं चाक माझ्या गुडघ्याशी फिरलं.

टॉवरने अंतर विचारलं, तिने सांगितलं. मग तिने खिडकीतून खाली डावीकडे पाहिलं. नंतर कळलं की ती सिद्धेश्वराचं तळं शोधत होती. परत आत पाहिलं तर उंची ५,५००. तिच्या मनात आलं की विमान अजून उतरायला लागलं नाही, पॉवर जास्त आहे. म्हणून तिने थ्रॉटल आणखी ओढला, १,७०० पर्यंत.

इथून पुढे हिशेब बिघडतो. एवढ्या पॉवरवर त्या विरळ हवेत ते विमान सपाट उडूच शकत नाही. तरी आल्ट त्याला सपाट उडवायला बघणार. वेग पडला की पंखांची उचल कमी होते; ती भरून काढायला नाक आणखी वर; नाक वर गेलं की हवेचा अवरोध वाढतो; अवरोध वाढला की वेग आणखी पडतो. आधी हे सावकाश होतं, पण वेग एका मर्यादेखाली आला की उतार अचानक तीव्र होतो, कारण त्याखाली जितकं हळू जाल तितकी पॉवर जास्त लागते. ८४, ८०, ७६. चाक फिरतंय. उंची ५,५००.

मी बघत होतो. ७५ ला बोलायचं असं मनाशी ठरवलं होतं. विद्यार्थ्याला स्वतः सापडू द्यावं, ही आम्हा प्रशिक्षकांची जुनी सवय आणि बहुतेक वेळा चांगली सवय. पण ७६ ला असताना आम्ही खाली बसणाऱ्या हवेत शिरलो. आल्टने नाक जोरात उचललं आणि काटा दोन-तीन सेकंदांत ६६ वर आला. या ऑटोपायलटला पुस्तिकेने दिलेली किमान मर्यादा ७० नॉट आहे.

तिला आवाजावरून कळलं. काचेवरून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज बसला, केबिन एकदम शांत झाली. तिने योक, म्हणजे विमान चालवायचं हातातलं सुकाणू, पुढे ढकललं. दिशा बरोबर होती, पण ऑटोपायलट न काढता. आता यंत्राच्या बाजूने विचार करा. त्याला उंची धरायची आहे आणि कुणीतरी नाक खाली दाबतंय. एलिव्हेटरवर उलटा जोर दिसला की तो ट्रिम चालवणार, आणखी नाक वर. तीन-चार सेकंद ती ढकलत होती आणि तेवढा वेळ चाक सलग फिरत होतं. मी "लाल बटण" म्हणालो. बटण डाव्या मुठीच्या अंगठ्याशीच असतं, पण ते शोधताना तिचा हात योकवर सैल पडला. ऑटोपायलट सुटल्याचा सूर वाजला, आणि त्याच क्षणी एवढा वेळ साठवून ठेवलेला ट्रिम मोकळा झाला. नाक आकाशाकडे गेलं. पंखाच्या कडेला बसवलेला स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटण्याचा इशारा देणारा भोंगा पिपाणीसारखा वाजायला लागला.

मी विमान घेतलं. योक पुढे, दोन्ही हातांनी, कारण एका हाताला ते ऐकत नव्हतं. मग ट्रिमचं चाक पुढे, तळव्याने भराभर. पॉवर त्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. नाक-वर ट्रिम असताना थ्रॉटल एकदम पूर्ण दिला तर पंख्याच्या वाऱ्याने नाक आणखी उचललं जातं, आणि घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो. भोंगा थांबला, वेग ८५, उंची ५,२००. तीनशे फूट गेले. पहिल्या वेळी पॉवर ओढल्यापासून इथपर्यंत साधारण एक मिनिट. तिला विमान परत दिलं आणि तिने ते उत्तम उतरवलं.

होटगी रस्त्यावर त्या संध्याकाळी तिघे बोलत बसलो, ती, तिचे वडील आणि मी. पूर्वी या विमानतळाची चर्चा निघाली की जवळच्या साखर कारखान्याच्या चिमणीवरच यायची. २०२३ च्या जूनमध्ये ती पाडली गेली, आणि आता गोव्याचं विमान येतं-जातं. वडिलांनी मात्र चिमणीचा विषय काढला नाही. त्यांना मुलीचा चेहरा दिसत होता. तिने त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, "आमच्या मागाचं तसंच आहे की, सर. धागा तुटला की माग खटकन थांबतो, तेवढं त्याला कळतं. पण चुकीच्या रंगाची कांडी घातली तर? विणतच बसतो बघा. आख्खा टॉवेल जातो." आणि तिच्याकडे वळून, "म्हणून माणूस मागाजवळ उभा राहतो, बाळा."

माझ्या सगळ्या आकृत्यांपेक्षा तिला हे जास्त लागलं, हे मी पाहिलं.

उंची धरण्याच्या बाबतीतला सगळ्यात प्रसिद्ध अपघात २९ डिसेंबर १९७२ चा, अमेरिकेत मायामीजवळचा. ईस्टर्न एअरलाइन्सची फ्लाइट ४०१. चाकांचा एक दिवा लागत नव्हता म्हणून सगळा चमू त्या बल्बमागे लागला, विमान ऑटोपायलटवर २,००० फुटांवर सोडलेलं. योकला धक्का लागून उंची धरणं सुटलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. दलदलीत उतरत गेलेल्या त्या विमानातले १७६ पैकी १०१ जण गेले. तिथे आल्ट सुटला होता आणि सगळ्यांना वाटत होतं तो चालू आहे. आमच्याकडे तो चालू होता आणि तिच्या हिशेबात तो सुटलेला होता. पॉवर कमी करणं म्हणजेच उतरायला लागणं, असं तिच्या हाताने गृहीत धरलं होतं. आमच्याकडे तरी उत्तर पॅनेलवर, अक्षरांत लिहिलेलं होतं.

काही प्रशिक्षक म्हणतात, परवाना मिळेपर्यंत विद्यार्थ्याला ऑटोपायलट दाखवूच नये. मला ते पटत नाही. हीच मुलं परवान्यानंतर आठवड्यात असल्या विमानांत एकटी बसतात, आणि तेव्हा शेजारी कुणी नसतं. दाखवावा, पण बटणांपासून सुरुवात करू नये. सुरुवात त्या काळ्या चाकापासून करावी. मी आता पहिल्याच धड्यात विद्यार्थ्याचा हात चाकावर ठेवतो, सकाळच्या शांत हवेत भरपूर उंचीवर आल्ट लावतो आणि पॉवर थोडी कमी करतो. काही बोलत नाही. चाक हाताखाली सरकतं ते त्याला कळू देतो. ८० ला पॉवर परत. त्यानंतर दुसरा धडा: आल्ट चालू असताना योकला हात लावून मदत करायची नाही. आपल्याला उडवायचं असेल तर आधी लाल बटण, योक घट्ट धरून, आणि मग बाकीचं.

उतरण्याचा क्रमही आम्ही उलटा करून टाकला. आमच्या संस्थेच्या यादीत उतरण्याच्या ओळीवर पॉवर होती, ऑटोपायलटचा उल्लेखच नव्हता. आता आधी नवी उंची लावायची. यात एक खाच आहे: या ऑटोपायलटला दाबाचा आकडा स्वतंत्र द्यावा लागतो, मुख्य उंचीमापकावर बदलला म्हणून इथे बदलत नाही. मग आल्टचं बटण दाबून त्याला व्हीएसवर, म्हणजे उतरण्या-चढण्याच्या दरावर आणायचं, उणे ५०० करायचं, पॅनेलवरची अक्षरं मोठ्याने वाचायची, चाक कुठल्या बाजूला फिरतंय ते बघायचं. पॉवर शेवटी. आणि व्हीएसवरही वेग आपणच सांभाळायचा. चढताना व्हीएस लावून दिला आणि इंजिनात तेवढी ताकद नसली, तर तो तोच दर मागत विमानाला स्टॉलपर्यंत नेतो.

माझ्यासाठी बदल एवढाच की ७५ ला बोलायचं ठरवत नाही. दुपारच्या हवेत तर नाहीच. ८५ ला विचारतो, "पॅनेलवर काय लिहिलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही परत निघालो. वडिलांनी शेंगाचटणीचा डबा मागच्या आसनावर पट्ट्याने बांधून दिला होता. पश्चिमेला जायचं म्हणून साडेचार हजार फूट. हवा इतकी शांत होती की उजनीच्या पाण्यावर सुरकुती नव्हती. आल्ट तिनेच लावला. इंदापूर उजवीकडे गेल्यावर तिने घड्याळ पाहिलं, नवी उंची लावली, बटण दाबलं. पॉवरला हात लावला नव्हता. डावा हात योकवर, उजवा ट्रिमच्या चाकावर.

"आल्ट गेला. व्हीएस आला. उणे पाचशे," ती म्हणाली, मग क्षणभर थांबली. "चाक पुढे फिरतंय, सर."

आणि मग तिने थ्रॉटल ओढला.